नागपुरात बागेसाठी आणि फुलदाणीसाठी लिलीचे कोणते प्रकार निवडावेत?

तुम्ही लिहिलंय की नागपुरात नवीन घर झालंय, पुढे थोडं अंगण आहे, माती काळी आहे आणि दुपारनंतर पश्चिमेचं ऊन येतं. ऑनलाइन स्टारगेझर लिलीचे कंद दिसले, ते मागवावेत का, हा एक प्रश्न. डिसेंबरात बहिणीचा साखरपुडा आहे, तेव्हा टेबलांवर लिलीच हवी, हा दुसरा. दोन्हींची उत्तरं वेगवेगळी आहेत. आपल्या गावात अंगणात लावायची लिली एक आणि फुलदाणीत ठेवायची दुसरी. अंगणात नागपूरचा उन्हाळा सोसणाऱ्या लावा, फुलदाणीसाठीच्या विकत आणा. स्टारगेझरचे कंद मात्र मागवू नका.

असं का, ते आधी सांगते. दुकानात गुच्छात दिसणाऱ्या मोठ्या लिली लिलियम या वंशातल्या, आणि त्या मुळात थंड हवेच्या. आपल्या देशातल्या रानटी लिलियम बघा ना: मणिपूरची प्रसिद्ध शिरुई लिली उखरुल जिल्ह्यातल्या शिरुई डोंगराच्या उंच उतारांवर फुलते (फ्रँक किंगडन-वॉर्ड यांना ती 1946 मध्ये सापडली), आणि दक्षिणेतली पांढरी लिलियम निलगिरीसारख्या उंच, धुक्याच्या डोंगरांत. या कंदांना पुन्हा फूल धरायला काही आठवडे 2 ते 5 अंशांची थंडी लागते. आपल्याकडे हिवाळ्यात पहाटे पारा 10-12 वर येतो खरा, पण दुपारी अंगणात ऊनच असतं, आणि मेमध्ये तर 45 च्या पुढे. शिवाय या कंदावर कांद्यासारखं कोरडं साल नसतं. नुसते सुटे, मांसल खवले असतात. त्यामुळे तो बाहेर राहिला की लवकर सुकतो आणि आपल्या काळ्या मातीत पावसाचं पाणी साचलं की कुजतो.

स्टारगेझर संकरित लिलींच्या ओरिएंटल गटातली. 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियात लेस्ली वुडरिफ यांनी ती तयार केली. त्याआधीच्या ओरिएंटल लिलींची फुलं खाली किंवा बाजूला झुकायची, हिची वर बघतात, म्हणून गुच्छवाल्यांनी ती उचलून धरली. पण ओरिएंटलला कंद लावल्यापासून फुलायला साधारण साडेतीन-चार महिने लागतात. नोव्हेंबरात लावलात तर कळ्या मार्चच्या उन्हात येणार, आणि तेव्हा त्या पिवळ्या पडून गळतात.

तरीही लिलियमची हौस असेल तर एशियाटिक गटातली किंवा एलए हायब्रिड (लाँगिफ्लोरम आणि एशियाटिक लिलींचा संकर) घ्या. त्या अडीच-तीन महिन्यांत फुलतात. ऑक्टोबरच्या शेवटी किंवा नोव्हेंबरात, घट्ट आणि कोंब नुकता दिसू लागलेला कंद आणून लगेच खोल कुंडीत लावायचा. या लिलीला कंदाच्या वर, खोडालाही मुळं फुटतात, म्हणून कंदावर चार-पाच इंच माती हवीच. उथळ कुंडीत झाड आडवं पडतं. जानेवारी-फेब्रुवारीत फुलं येतील. त्यांना वास जवळजवळ नसतो, रंग मात्र पिवळे, नारिंगी, गुलाबी असे झक्क. पुढच्या वर्षी तोच कंद फुलेल ही आशा ठेवू नका. शेवंतीची रोपं जशी एका मोसमासाठी आणतो तसंच हे.

आता अंगण, म्हणजे लिलियम नसलेल्या, नावाच्याच लिली. माझ्या मते सुरुवात रेन लिलीपासून करावी. स्वस्त, चिवट, आणि तुमचं पश्चिमेचं ऊन तिला चालतं. गुलाबी सगळीकडे मिळते, पांढरी आणि पिवळीही शोधली तर सापडते. कंद चिंचोक्यापेक्षा थोडा मोठा, पानं गवतासारखी. एका कंदाचं काही दिसत नाही, म्हणून मूठभर कंद दोन-तीन इंचांवर एकत्र लावा. उन्हाळ्यात तिच्या कुंड्यांना पाणी देणं जवळपास थांबवा. पानं मलूल होतील, होऊ द्या. मग मृगाचा पहिला दमदार पाऊस पडला की तिसऱ्या-चौथ्या दिवशी मातीतून गडद गुलाबी टोकं वर येतात. आदल्या संध्याकाळी बोटभर असलेली कळी सकाळी उमललेली असते. सहा पाकळ्या, मधे पिवळे पुंकेसर, आणि रात्री फूल मिटतं. एक फूल दोनेक दिवसच टिकतं, पण पाऊस थांबून पुन्हा आला की पुन्हा बहर येतो. कोरड आणि मग भिजवण, या बदलावरच ती फुलते. रोज थोडं थोडं पाणी देत राहिलात तर नुसती पानं मिळतात, आणि लोक म्हणतात, आमच्याकडे हिला फुलंच येत नाहीत. पांढरी जरा उशिरा, पावसाळा सरता सरता जास्त फुलते, तेव्हा दोन्ही ठेवल्या तर मोसम लांबतो.

दुसरी अॅमरिलिस. नर्सरीत हिला नुसतं ‘लिलीचा कंद’ म्हणून देतात. विदर्भातल्या जुन्या वाड्यांच्या अंगणात जी शेंदरी, मधे हिरवट-पांढरी चांदणी असलेली दिसते ती याच घराण्यातली, आणि मला आजही तीच सगळ्यांत आवडते. मोठ्या फुलांच्या लाल, पांढऱ्या, पट्ट्यांच्या संकरित जाती ऑक्टोबर ते डिसेंबरात मिळतात. कंद लावताना वरचा तिसरा हिस्सा मातीच्या बाहेर ठेवा. पूर्ण पुरला तर मान कुजते. दिवाळीनंतर पाणी तोडायचं, दोन महिने विश्रांती द्यायची, फेब्रुवारीत पुन्हा सुरू करायचं. मग पानांआधी किंवा पानांसोबत बाजूने जाड, पोकळ दांडा वर येतो, टोकाला चपटी कळी, आणि ती फाटून दोन ते चार फुलं चारी दिशांना तोंड करतात. फेब्रुवारीचा शेवट ते एप्रिल हा तिचा काळ. फुलं गेली की दांडा कापा, पानं कापू नका. पुढच्या वर्षीचं फूल त्या पानांच्या जिवावर कंदात तयार होतं. तुमच्याकडे हिला सकाळचं ऊन आणि दुपारी झाडाची सावली मिळेल अशी जागा बघा. नवतप्यात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) उघड्या पश्चिमेला पानं करपतात, तिथे हिरवी जाळी लागेल.

कुंपणालगत स्पायडर लिली लावा. रुंद हिरव्या पानांचा झुपका बारा महिने राहतो आणि पावसाळ्यात पांढरी फुलं येतात: मधे पातळ पापुद्र्याची वाटी, भोवती सहा लांब, बारीक पाकळ्या. संध्याकाळी उमलते, वास मंद आणि गोड. बाजारात हारासाठी लांब पांढऱ्या कळ्यांच्या जुड्या येतात त्या हिच्याच. पहाटे तोडलेली मिटली कळी हारात ओवली की संध्याकाळी उमलते. साचलेलं पाणीही ही बऱ्यापैकी सोसते, त्यामुळे तुमच्या काळ्या मातीत फार खटाटोप करावा लागणार नाही. जागा मोठी असेल तर सुदर्शनही तसाच, फक्त झाड दांडगं होतं, लहान अंगण खाऊन टाकतं.

फुटबॉल लिली सावलीतली. वर्षाचे बरेच महिने कुंडी रिकामी दिसते आणि ऐन मे-जूनमध्ये, बाकी बाग मरगळलेली असताना, बारीक लाल फुलांचा गोल चेंडू वर येतो. रिकामी समजून ती कुंडी कोणी उपसणार नाही एवढी खूण करून ठेवा. डे लिली पिवळी-नारिंगी, एक फूल एकच दिवस टिकतं. आपल्याकडे जगते, पण थंड प्रदेशात जशी भरून फुलते तशी नाही, म्हणून मी तिच्यासाठी चांगली जागा अडवणार नाही.

पोळ्याच्या सुमारास विदर्भात कुंपणांवर, झुडपांत कळलावी फुललेली दिसते. पाकळ्या मागे वळलेल्या, खाली पिवळ्या, टोकाला लाल, आणि पानांच्या टोकांना आकडे, त्यांनीच ती वर चढते. फुलदाणीत तिच्यासारखी दुसरी नाही. पण तिचा कंद आणि बिया अतिशय विषारी आहेत, त्यात कोल्चिसिन असतं. घरात लहान मूल किंवा कंद उकरणारं कुत्रं असेल तर लावूच नका. बाकीच्या कंदांचंही तेच, फक्त विष तितकं जहाल नाही. कांद्याच्या टोपलीजवळ कुठलाही कंद ठेवू नका.

या सगळ्यांसाठी मातीचं काम एकदाच नीट करा. काळी माती नुसती ठेवू नका. तिच्यात रेती किंवा बारीक मुरूम आणि चांगलं कुजलेलं शेणखत मिसळून वाफा सहा-आठ इंच उंच करा. पावसाळ्यात एक शत्रू हमखास येतो: काळी, पांढरे ठिपके आणि नारिंगी-लाल खुणा असलेली लिलीच्या पतंगाची अळी. ती थव्याने येते आणि स्पायडर लिली, सुदर्शन, अॅमरिलिस यांची पानं दोन दिवसांत देठापर्यंत फस्त करते. सुरुवातीला पानाच्या आतून खाते, तेव्हा पानावर पांढुरके, पारदर्शक चट्टे दिसतात. त्याच वेळी ते पान कापून साबणाच्या पाण्यात बुडवा. मोठ्या झालेल्या अळ्या चिमट्याने वेचा, निंबोळी अर्क फवारा. कंद शाबूत असेल तर पानं पुन्हा येतात.

आता साखरपुडा. डिसेंबर हा नागपुरात कापलेल्या लिलीसाठी उत्तम महिना आहे, त्यामुळे इथे मनासारखं करा. स्टारगेझर किंवा पांढरी कासाब्लांका स्टेजजवळ, प्रवेशाजवळ ठेवा. त्यांचा वास जोरकस असतो, बंद हॉलमध्ये जेवणाच्या टेबलांवर तो नकोसा होतो. तिथे पांढऱ्या किंवा पिवळ्या एलए ठेवा, त्यांना वास जवळजवळ नाही. बजेट कमी असेल तर प्रत्येक टेबलावर एलएची एक-दोन दांडी, सोबत निशिगंध आणि हिरवा पाला. एका दांडीला तीन-चार कळ्या असतात, भरलेलं दिसतं.

सीताबर्डीच्या फूल बाजारात किंवा तुमच्या फुलवाल्याकडे आठ-दहा दिवस आधी सांगून ठेवा, कारण ही फुलं बाहेरून येतात. घेताना उमललेली घेऊ नका. सगळ्यांत खालच्या कळीला रंग चढलाय पण ती मिटलेली आहे, अशी दांडी घ्या. पूर्ण हिरव्या कळ्यांचीही नको, त्या बऱ्याचदा उमलतच नाहीत. दोन-तीन दिवस आधी घरी आणा, दांडीचं टोक तिरकं इंचभर कापा, पाण्यात बुडणारी पानं काढा, आणि थंड खोलीत ठेवा. दिवसाआड पाणी बदला. पिकलेली केळी, सफरचंदं जवळ नकोत. त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने फुलं लवकर गळतात. पंख्याच्या थेट झोतातही ठेवू नका.

एक काम विसरू नका: फूल उमललं की लगेच, परागकोश अजून गुळगुळीत आणि ओलसर असतानाच ते बोटांनी खुडून टाका. तासाभरात ते फुटून तपकिरी-केशरी भुकटी होते आणि साडीला लागली की डाग जाता जात नाही. लागलीच तर पाणी लावू नका, चोळूही नका. चिकटपट्टी दाबून उचला. परागकोश काढल्याने फूल जास्त टिकतं, हाही फायदा.

पुढे मार्चमध्ये घरच्या अॅमरिलिसची फुलं फुलदाणीत लावाल तेव्हा दांडा उलटा धरून त्याच्या पोकळीत पाणी भरा, कापसाचा बोळा लावा आणि मग फुलदाणीत ठेवा. दांड्याच्या कापलेल्या टोकाला चिकटपट्टीचा एक वेढा द्या, नाहीतर ते फाटून कुरळं होतं.

घरात मांजर आहे का, हे तुम्ही लिहिलं नाही. असेल तर माझं उत्तर बदलतं. लिलियम आणि डे लिली मांजरांसाठी जीवघेण्या आहेत. पान चघळलं, अंगावर पडलेले पराग चाटले, फुलदाणीतलं पाणी प्यायली तरी मूत्रपिंडं निकामी होतात. अशा घरात त्या फुलदाणीतही आणू नका. साखरपुडा हॉलवर असेल तर उरलेली फुलं घरी न आणता तिथेच पाहुण्यांना वाटा, आणि द्यायच्या आधी त्यांच्याकडे मांजर नाही ना, एवढं विचारा. काही खाल्ल्याचा संशय आला तर उलटी-सुस्ती दिसायची वाट न बघता लगेच पशुवैद्याकडे न्या.

रेन लिलीचे कंद मेच्या शेवटी मिळाले तर सगळ्यांत बरं, पहिल्या पावसाआधी मातीत जातात. अॅमरिलिस दिवाळीच्या आसपास घ्या. शेजारीपाजारी कुणाकडे ती जुनी शेंदरी जात दिसली तर पावसाळ्याच्या आधी त्यांच्याकडे दोन पिल्लं मागा. कंदांची गर्दी झालेली असते, लोक खुशीने देतात.