२१४ फोन आणि एकच सौदा

प्रश्न: मी २४ वर्षांची आहे, बी.कॉम. झाले आहे. आठ महिन्यांपासून दापोलीत एका इस्टेट एजंटकडे काम करते. महिना नऊ हजार पगार, आणि सौदा झाला तर कमिशनमधला थोडा वाटा. ऑनलाइन जाहिरातींवरून येणारे फोन मी घेते, लोकांना जागा दाखवायला नेते. वहीत नोंद ठेवली आहे: २१४ फोन, ३१ जणांनी जागा पाहिली, सौदा एक. 'कळवतो' म्हणतात आणि पुढे फोनच उचलत नाहीत. बाबा म्हणतात, ही दलाली आहे. बँकेच्या परीक्षा दे, नाहीतर डोंबिवलीला काकांकडे जाऊन नोकरी बघ. आमच्या गावच्या सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव आहे आणि मी दुसऱ्यांच्या जमिनी विकायला निघाले, म्हणून ते हसतातही. मला हे काम आवडतं. माझं चुकतंय कुठे? यात करिअर आहे का?

उत्तर:

पत्रासोबत वहीच्या दोन पानांचा फोटो पाठवलास ते फार बरं केलंस. लोकांच्या मोबाइल नंबरांवर कागदाची पट्टी ठेवून फोटो काढलास, हे तर मला फारच आवडलं. या धंद्यातल्या निम्म्या लोकांना ते सुचलं नसतं.

पण त्या पानांवरच तुझ्या प्रश्नाचं उत्तरही आहे. नाव, गाव, बजेट, आणि शेवटच्या रकान्यात प्रत्येक ओळीत एकच शब्द, 'फॉलोअप'. एकोणीस ओळी, एकोणीस 'फॉलोअप'. कुणाला जमीन कशासाठी हवी आहे, कुणाच्या घरात कोण ठरवणार आहे, याचा कुठे पत्ता नाही. मग महिन्याने तू फोन करून काय विचारणार? 'सर, काय ठरलं?' समोरच्याचं काहीच ठरलेलं नसतं, म्हणून तो फोन उचलत नाही.

पहिल्या फोनलाच, दर सांगायच्याही आधी, एक प्रश्न विचारायला लाग: 'तुमच्या नावावर शेतजमीन आहे का?' कूळकायद्याच्या कलम ६३ मुळे आपल्याकडे शेतकरी नसलेल्या माणसाला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. तुझ्या २१४ जणांमध्ये ठाण्या-पुण्याचे नोकरदार किती असतील ते बघ. त्यातल्या ज्यांच्या नावावर कुठेच शेती नाही, त्यांना तू कर्द्यापासून केळशीपर्यंत फिरवून वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनी दाखवल्यास, तर तुझं पेट्रोल गेलं आणि त्यांचा रविवार गेला. त्यांच्यासाठी एनए, म्हणजे बिगरशेती प्लॉट किंवा तयार घर, एवढंच. 'शेतकरी दाखला जमवून देतो' असं तुझ्या आजूबाजूला कुणी म्हणत असेल तर त्या माणसापासून चार हात लांब राहा. असा व्यवहार पुढे अवैध ठरला की खरेदीदार पहिला तुझा दरवाजा ठोठावेल.

दुसरं विचारायचं ते पैशाबद्दल, पण आडून. 'कर्ज काढायचा विचार आहे का?' एवढं पुरे. फ्लॅटला मिळतं तसं कर्ज शेतजमिनीला मिळत नाही, हे बऱ्याच जणांना जागा आवडल्यावर कळतं, आणि तिथेच तुझा 'कळवतो' जन्माला येतो. आणि तिसरं, जागा बघायला कोण कोण येणार. नवरा एकटा आला तर ती सहल समज. बायको किंवा आई बरोबर आली आणि विहिरीत वाकून बघू लागली, तर ते गिऱ्हाईक. इथे तू मुलगी असण्याचा फायदाच आहे. घरातल्या बायका पाणी, शेजार, रात्री लाइट असते का, हे सगळं तुला विचारतील, तुझ्या मालकाला विचारणार नाहीत.

एवढ्या गाळणीतून २१४ चे कदाचित चाळीस उरतील. उरू देत.

आता मुख्य गोष्ट. तू गिऱ्हाइकांची वही ठेवली आहेस, जमिनींची ठेवलेली नाहीस. कोकणात घेणारे कायम असतात. हायवे, विमानतळ, सागरी महामार्ग, काही ना काही बातमी येते आणि फोन वाढतात. दुर्मिळ आहे ती कागदाने साफ असलेली जमीन. मुंबईत एका फ्लॅटला एक मालक किंवा दोन. आपल्याकडे अठरा गुंठ्यांना अठरा नावं, त्यातली सहा मुंबईत, दोन मयत, आणि एक आत्या कुठे असते ते कुणालाच नक्की माहीत नाही.

माझ्या मावसभावाची गोष्ट सांगते. गुहागरकडे त्याने एका एजंटामार्फत बागेची जागा घेतली. हापूसची कलमं, जांभ्या चिऱ्याचा गडगा, सगळं मनासारखं. सातबाऱ्यावरच्या सातही जणांनी सह्या केल्या. एक बहीण मात्र सातबाऱ्यावर आलीच नव्हती, वडील वारल्यावर वारस नोंद करताना भावांनी तिचं नाव घातलं नव्हतं. ती बडोद्याला. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, हे तिच्या मुलाला ठाऊक होतं. दावा लागला, आणि सहा वर्षं माझा भाऊ स्वतःच्या बागेतला आंबा मोकळ्या मनाने उतरवू शकला नाही. एजंटाने खरेदीखताच्या दिवशी आपले दोन टक्के मोजून घेतले होते. नंतर त्याने फोन उचलणं बंद केलं. तू म्हणतेस गिऱ्हाईक फोन उचलत नाही. आमच्याकडे गिऱ्हाईक फोन करत होतं आणि एजंट उचलत नव्हता. आमच्या नात्यागोत्यात त्या एजंटाला पुन्हा कुणी काम दिलं नाही, हे वेगळं सांगायला नको.

म्हणून दुसरी वही कर. एका जमिनीला एक पान. सातबारा, आठ-अ (एका खातेदाराच्या सगळ्या जमिनींचा उतारा), जुने फेरफार (मालकी बदलल्याच्या नोंदी). डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत मिळतो, त्यात कंजुषी नको. फेरफार मागे मागे वाचत जा आणि प्रत्येक पिढीत मुली कुठे गेल्या ते शोध. 'इतर हक्क' या रकान्यावर बोट ठेवून वाच: कुळाचं म्हणजे जमीन कसणाऱ्याचं नाव, कूळकायद्याच्या कलम ४३ ची अट (कुळाला मिळालेली जमीन विकण्यावरचं बंधन), बँकेचा बोजा, खासगी वनाचा शेरा. यातलं काही दिसलं तर जमीन वाईट असं नाही, पण आधी तहसील कचेरी किंवा वकील, मग गिऱ्हाईक. समुद्राच्या बाजूची असेल तर भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाचे निर्बंध लागतात, खाडीकाठालाही वेगळं अंतर आहे. 'सी-व्ह्यू' जाहिरातीत छान दिसतं, पण तिथे घर बांधता येणार का, हे नकाशावर बघितल्याशिवाय तो शब्द तोंडातून काढू नकोस. सरकारी मोजणी झाली आहे का, हद्दीचे दगड जाग्यावर आहेत का. आणि रस्ता. वहिवाटीची पाणंद आणि नकाशावरचा रस्ता यांत किती फरक असतो, ते शेजाऱ्याने चार चिरे आडवे टाकले की समजतं.

हे सगळं वकिलाने बघायचं असतं, मान्य. शेवटचा शब्द त्याचाच, आणि खरेदीदाराला स्वतःचा वकील लावायला तूच सांग. पण वकिलाकडे जायच्या आधी तुला कळलं पाहिजे की ही जमीन दाखवण्याच्या लायकीची आहे की नाही.

मालकांना भेटायचे दिवसही ठरलेले आहेत. गणपती आणि शिमगा. चाकरमानी गावी येतात, सगळे हिस्सेदार एका पडवीत बसलेले सापडतात. सणाच्या दिवशी जमिनीचा विषय काढू नकोस, शिव्या खाशील. गौरी गेल्या की दुसऱ्या दिवशी चहाला जा. कुणाची ना आहे ते त्याच बैठकीत कळतं, आणि ज्याची ना आहे तो सहसा शेवटपर्यंत ना च राहतो. अशी जमीन वहीतून खोडायची. कमी दरात तयार होईल या आशेवर वर्षभर गिऱ्हाइकांना झुलवायचं नाही.

जागा दाखवण्याबद्दल एक युक्ती. लोक डिसेंबरात आणि मे महिन्याच्या सुट्टीत येतात. तू विहिरीचा व्हिडिओ मे महिन्यात काढून ठेव आणि रस्त्याचा जुलैत. पाणी किती खाली जातं आणि चिखलात गाडी कुठपर्यंत जाते, हे दोन्ही दाखवणारा एजंट मी तरी अजून पाहिलेला नाही.

जागा बघून माणूस परत गेला की त्याच संध्याकाळी एक मेसेज जायला हवा. सुविचार, सूर्योदयाचे फोटो काही नको. असं काहीतरी लिही: 'नमस्कार काका, आज पाहिलेल्या जागेचा सातबारा आणि लोकेशन पाठवत आहे. जागा चांगली आहे, पण दोन गोष्टी सांगते. रस्ता पाणंदीचा आहे, नकाशावर नाही. एका हिस्सेदाराची संमती अजून तोंडी आहे, ती लेखी मिळेपर्यंत टोकन देऊ नका. काकूंनी पाण्याचं विचारलं होतं, विहिरीचा मे महिन्यातला व्हिडिओ जोडला आहे.' तुझा मालक म्हणेल, असं लिहिलंस तर सौदा मोडेल. एखादा मोडेलही. पण असा मेसेज ज्याला जातो तो तुझा नंबर स्वतःच्या मेहुण्याला देतो, आणि मेहुण्याचा फोन जाहिरातीवरून आलेल्या दहा फोनांना भारी असतो. पुढचा फोन मग कारण असेल तेव्हाच कर. संमती आली, मोजणीची तारीख लागली, दर बदलला. वहीत 'फॉलोअप'ऐवजी ते कारण आणि तारीख लिही.

कुणी 'पाच गुंठे, दहा लाख, समुद्र दिसला पाहिजे' म्हणाला तर 'बघते' म्हणू नकोस. 'त्या पैशात तिथे मिळणार नाही, आत सहा-सात किलोमीटरवर बघायचं का?' असं सरळ विचार. तो भाव त्याने तीन वर्षांपूर्वी कुणाकडून तरी ऐकलेला असतो.

टोकन स्वतःच्या खात्यावर कधीही घ्यायचं नाही, मालकाने सांगितलं तरी. कमिशन किती, कोण देणार, कधी देणार, हे कागदावर. तुझा आणि मालकाचा वाटाही कागदावर, तो तर आधी.

आणि अनोळखी माणसांबरोबर कातळावरच्या एकाकी जागी एकटी जाऊ नकोस. स्वतःची गाडी, बरोबर गावातलं कुणीतरी, घरी लोकेशन पाठवलेलं. यात संकोच नको.

बाबांच्या 'दलाली'चं आता. रेरा, म्हणजे घर-प्लॉटच्या प्रकल्पांवर आणि एजंटांवर नियंत्रण ठेवणारा कायदा, २०१६ चा. महारेरा हे त्याचं महाराष्ट्रातलं प्राधिकरण. नोंदणीकृत प्रकल्पातले प्लॉट किंवा घरं बिल्डरच्या वतीने विकायची तर एजंटालाही महारेराकडे नोंदणी करावी लागते. नाही केली तर रोज दहा हजार रुपये दंड, तो वाढत मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. एखाद्या शेतकऱ्याची स्वतःची जमीन विकून देताना हे लागत नाही, म्हणून तुझ्या आसपास बरेच जण नोंदणीशिवाय फिरताना दिसतात. पण गिऱ्हाइकांतल्या बिगरशेतकऱ्यांना तू अशा प्रकल्पांतले एनए प्लॉट दाखवणार आहेस ना? मग ती करावीच लागेल. त्यासाठी वीस तासांचं प्रशिक्षण आणि ऑनलाइन परीक्षा. २०२४ पासून त्या प्रमाणपत्राशिवाय नोंदणी होत नाही. परीक्षा मराठीतही देता येते. परीक्षा घेते आयबीपीएस, म्हणजे बँकांच्या परीक्षा घेते तीच संस्था. बाबांना हे जरूर सांग, निदान हसतील तरी.

करिअर आहे का? आहे, पण नऊ हजारांवर फार दिवस नाही. पुढच्या शिमग्यापर्यंत वेळ घे. तोवर प्रमाणपत्र हातात हवं, आणि दुसऱ्या वहीत वादाशिवायच्या बारा-पंधरा जमिनी. तेवढं जमलं तर मालकाकडे वाटा वाढवून माग, किंवा स्वतःचं सुरू कर. नाही जमलं तर बँकेची परीक्षा आहेच, वय तुझ्या बाजूने आहे. डोंबिवलीची मला घाई दिसत नाही.

आणि त्या दुसऱ्या वहीचं पहिलं पान तुमच्याच जमिनीचं असू दे. आजोबांच्या नावावर पडून आहे म्हणतेस, म्हणजे वारस नोंदच झालेली नाही. काका, आत्या, त्यांची मुलं, सगळ्यांची नावं बाबांना विचारून वंशावळ काढ. हे विचारायला तुझ्याजवळ त्यांच्याइतका जाणता माणूस दुसरा नाही. अर्ज तलाठ्याकडे, आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं. आत्यांची नावं गाळायची नाहीत, कुणी कितीही सांगितलं तरी. लागणारा पहिला कागद म्हणजे आजोबांच्या मृत्यूचा दाखला. तो बाबांच्या कपाटातच असेल, आज रात्री जेवताना विचार.