साच्यातून उमटलेली माणसे

प्रश्न : रशियातील यादवी युद्धाच्या काळात लावल्या गेलेल्या ‘रोस्टा खिडक्या’ या भित्तिपत्रकांची काही चित्रे नुकतीच पाहण्यात आली. त्यांतील माणसे रंगीत कागद कापून चिकटवल्यासारखी सपाट का दिसतात? चित्रकार कच्चे होते, की ती मुद्दाम घेतलेली शैली होती?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : चित्रकार कच्चे नव्हते. हे काम सुरू करणारे मिखाईल चेरेम्निख व्यंगचित्रकार होते, आणि त्यांच्यामागोमाग आलेले कवी व्लादिमीर मायाकोव्हस्की यांनीही मॉस्कोच्या कलाशाळेत चित्रकलेचे धडे घेतले होते. खरे कारण साधनांच्या टंचाईत आहे. १९१९ च्या शरद ऋतूत मॉस्कोत कागद दुर्मीळ झाला होता, छापखाने रखडत चालले होते आणि माल नसल्यामुळे दुकाने ओस पडली होती. ‘रोस्टा’ या सरकारी वृत्तसंस्थेने त्या रिकाम्या दुकानांच्या दर्शनी काचांतच पत्रके लावायला सुरुवात केली. ‘खिडक्या’ हे नाव त्यावरूनच पडले.

ही पत्रके बहुतांशी छापलेली नसत. चित्रकाराचे मूळ चित्र हाती आले की कारागीर प्रत्येक रंगासाठी पुठ्ठ्याचा वेगळा साचा कापत, तो कागदावर ठेवत आणि सरस घातलेला रंग त्यातून ब्रशाने भरत. निवडणुकीच्या दिवसांत पत्र्याच्या साच्यातून भिंतीवर चिन्ह उमटवणारा रंगारी ज्यांनी पाहिला असेल, त्यांना हे वेगळे सांगायला नको. साच्यातून छायाप्रकाश उतरत नाही, चेहऱ्यावरचा भाव उतरत नाही. उतरतो तो ठसठशीत आकार. त्यामुळे भांडवलदार म्हणजे उंच टोपी आणि सुटलेले पोट, तर कामगार म्हणजे नखशिखान्त तांबडी आकृती, एवढ्यावर भागवावे लागले, आणि माझ्या मते या पत्रकांची ताकद नेमकी त्या भागवण्यातच आहे. एका खिडकीत चारपासून डझनभरापर्यंत चित्रे ओळीने येत आणि प्रत्येकाखाली यमक जुळवलेली एखाददुसरी ओळ असे, जी बहुधा मायाकोव्हस्कींची असायची; अक्षरओळख नसलेल्यालाही नुसत्या चित्रांवरून गोष्ट कळत असे.

दुसरा फायदा वेगाचा होता. शिळाछापाचे, म्हणजे दगडावर चित्र काढून छापलेले, पत्रक बाहेर पडेपर्यंत आघाडीवरची बातमी शिळी होई. साच्याने मात्र तारेने आलेला मजकूर झटपट काचेत झळकवता येई. विषय केवळ बोल्शेविकांविरुद्ध लढणाऱ्या जनरल व्रांगेलच्या फौजेचा नसे. टायफस पसरवणाऱ्या उवा आणि सरपणाची टंचाई यांवरही खिडक्या निघत. अर्थात हा प्रचारच होता, आणि शेतकऱ्याकडून सक्तीने केलेली धान्यवसुलीही त्यात कर्तव्य म्हणूनच रंगवलेली आढळते.

त्या काळातील सगळीच पत्रके अशी नव्हती. बोट रोखून ‘तू स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवलेस का?’ असे विचारणारा दिमित्री मूर यांचा १९२० मधील तांबडा सैनिक शिळाछापाचा होता, आणि बोट रोखण्याची ती कल्पना ब्रिटनच्या सैन्यभरतीच्या पत्रकात १९१४ मध्येच येऊन गेली होती. खिडक्यांचे तसे नव्हते. त्या हाताने रंगवल्या जात असल्यामुळे एकाच खिडकीच्या दोन प्रतीही तंतोतंत सारख्या निघत नसत.