ब्रिज क्लबात दर वेळी २४ ते २८ बोर्डच (बोर्ड म्हणजे चौघांना वाटलेले पत्ते जसेच्या तसे ठेवलेला ट्रे, म्हणजेच एक डाव) का? आणि तीन-साडेतीन तासच का?

सक्तीचा नियम नाही. हा आकडा टेबलांच्या गणितातून आणि घड्याळातून येतो. डुप्लिकेटमध्ये, म्हणजे क्लबात खेळतात त्या प्रकारच्या ब्रिजमध्ये, तेच पत्ते सगळ्या टेबलांवर खेळले गेले तरच जोड्यांची तुलना खरी ठरते. टेबलाच्या चार बाजूंना चार दिशांची नावं असतात आणि समोरासमोरचे दोघे एक जोडी. म्हणून मिचेल या फिरण्याच्या पद्धतीत दर फेरीनंतर उत्तर-दक्षिण जोड्या जागेवर बसतात, पूर्व-पश्चिम जोड्या एक टेबल पुढे सरकतात आणि बोर्ड एक टेबल मागे जातात. सोलापुरात आमच्याकडे टेबलं मी लावते, त्यामुळे हे गणित रोजचंच: पाच टेबलं असली की पाच-पाच बोर्डांच्या पाच फेऱ्या, म्हणजे २५, सात असली की चार-चारच्या सात, म्हणजे २८. एका बोर्डाला साधारण साडेसात मिनिटं धरा, तीन-साडेतीन तास सहज होतात. त्यापुढे डोकं शिणतं, कोणती पानं पडून गेली तेही आठवेनासं होतं. मात्र टेबलं सम असली, म्हणजे सहा किंवा आठ, तर सरळ सरकत राहिल्यास जोडीला आधी खेळलेलेच बोर्ड पुन्हा भेटतात. तेव्हा पूर्व-पश्चिमवाल्यांनी मध्यावर एक टेबल सोडून पुढे जायचं. तीन-चारच टेबलं जमली तर सरळ हॉवेल ही दुसरी पद्धत लावा, त्यात प्रत्येक जोडी प्रत्येकीशी खेळते.