परक्या देशाच्या कायद्याच्या मसुद्यावर पहिल्यांदाच काम करताय?

उत्साह आहे, छान. पण लगेच मसुद्याला हात लावू नका. आधी तिथले लागू कायदे, नियम, अधिसूचना वाचून काढा. जमिनीचा किंवा वारसाचा विषय असेल तर रूढीही.

नवखे हमखास चुकतात ते इथे: आपल्याकडचं कलम उचलून चिकटवतात. ‘निबंधकाकडे नोंदणी करावी’ लिहून मोकळे, आणि तिथे निबंधकाचं पदच नसतं! प्रत्येक कलमापुढे तीन रकाने ठेवा:

- अंमल कोण करणार
- पैसा कुठून येणार
- जुनं कोणतं कलम रद्द होणार

भाषांतर शेवटी उरकायचं काम नव्हे. कंबोडियाच्या दिवाणी संहितेसाठी जपानी तज्ज्ञांनी स्थानिक गटासोबत बसून ख्मेर या तिथल्या भाषेतल्या संज्ञा ठरवल्या. संहिता जाहीर झाली २००७ मध्ये. लागू व्हायला २०११ उजाडलं. धोरण मात्र त्या देशालाच ठरवू द्या, तुम्ही पर्याय मांडा.