संध्याकाळी आकाशात एका रांगेत जाणारे दिवे दिसले, आवाज नव्हता, मधेच एकेक करून विझले. हे काय असेल?

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला तरी हे स्टारलिंकचे, म्हणजे आकाशातून इंटरनेट पुरवणारे, सॅटेलाईट वाटतात. एका रॉकेटमधून ते डझनांनी सोडतात (2019 च्या पहिल्या खेपेत 60 होते) आणि सुरुवातीचे काही दिवस ते एकामागे एक, माळेसारखे फिरतात, नंतर पांगून साधारण 480 ते 550 किमी उंचीवर जातात. त्यांना स्वतःचा दिवा नसतो बरं का, आपल्याकडे अंधार पडला तरी तिथे वर अजून ऊन असतं, तेच चमकतं, आणि पुढे जाऊन पृथ्वीच्या सावलीत शिरले की एकेक करून दिसेनासे होतात. तुम्हाला विझल्यासारखं वाटलं ते हेच.

पण मी स्वतः पाहिलं ते वेगळं होतं. 2 एप्रिल 2022, गुढीपाडवा. आम्ही अकोला जिल्ह्यातले, पुरणपोळी खाऊन सगळे गच्चीवर बसलो होतो आणि पावणेआठ-आठच्या सुमारास पश्चिमेकडून एक जळता गोळा आला, मग त्याचे तुकडे झाले, प्रत्येकामागे लालपिवळी शेपटी, आणि सगळे मिळून एका चालीने पूर्वेकडे गेले. इतकं हळू की पोरं खालून आजीला वर घेऊन आली तरी ते दिसतच होतं. उल्का म्हणावी तर ती एक-दोन सेकंदात संपते, हे संपेचना. आजीने हात जोडले. मला खरंच भीती वाटली होती, विमान पेटलं की काय म्हणून.

काका मात्र छातीठोकपणे सांगत होते की नाल्यापलीकडच्या शेतात पडलं, आणि दोन-चार जण बॅटऱ्या घेऊन गेलेसुद्धा. तिकडे काहीच नव्हतं. तोवर मोबाईलवर नागपूर, बुलढाणा, जळगाव, पार मध्य प्रदेशातून तसेच व्हिडिओ यायला लागले. रात्री कळलं की चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला साधारण 3 मीटर व्यासाची धातूची रिंग पडलीय, म्हणजे आमच्यापासून सरळ रेषेत अडीचशे किमीच्या वर. पुढे आसपासच्या गावांत धातूचे गोळेही सापडले. ते रॉकेटमधल्या गॅसच्या टाक्या असतात, इस्रोचे लोक येऊन बघून गेले. उपग्रहांचा माग ठेवणारे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी सांगितलं की फेब्रुवारी 2021 मध्ये उडालेल्या चीनच्या चांग झेंग 3बी रॉकेटचा तिसरा टप्पा, म्हणजे वरचा भाग, असावा. वर्षभर फिरत फिरत खाली येत होता बिचारा.

काका खोटं बोलत नव्हते, हे मला मुद्दाम सांगायचंय. असं काही साधारण 80 किमी उंचीवर फुटतं, म्हणजे अकोल्याहून अमरावती सरळ रेषेत जेवढी लांब तेवढं वर, आणि रात्रीच्या आकाशात अंतर मोजायला डोळ्याला झाड नाही की खांब नाही, त्यामुळे क्षितिजाआड गेलेली वस्तू शेजारच्या शेतातच पडल्यासारखी वाटते. शिवाय जे तुकडे जमिनीपर्यंत पोचतात ते बरेच आधी विझलेले असतात, त्यांना जळत जळत जमिनीवर पडताना कोणी बघत नाही. म्हणून कोणी असं सांगितलं तर त्याला वेड्यात काढू नका, दिसलं ते खरंच असतं, फक्त अंतर चुकतं.

तुम्हाला दिसलं ती तारीख, वेळ, गाव आणि दिशा कळवा, त्या संध्याकाळी स्टारलिंकची माळ तिथून गेली का ते बघून सांगतो.