नव्या मेंटॉर प्राध्यापकांसाठी

विद्यार्थ्यांचा गट प्रथमच तुमच्याकडे सोपवला गेला आहे, तेव्हा सर्वांत आधी हजेरीपट नीट वाचायला शिका. एरवी नियमित येणारा मुलगा प्रात्यक्षिकांना दांड्या मारू लागला, त्याचे जर्नल अपुरे राहू लागले, मेसमध्ये तो दिसेनासा झाला किंवा एटीकेटी लागल्यापासून घरचा फोन टाळू लागला, तर त्याला वर्गात सर्वांसमोर जाब विचारू नका. रिकाम्या खोलीत शांतपणे बसवून 'झोप लागते का, जेवण जाते का?' एवढ्यापासूनच सुरुवात करा. 'आमच्या वेळी' हे शब्द कटाक्षाने टाळा.

जगणे नकोसे झाल्याचे तो सुचवू लागला, तर आत्महत्येचा विचार मनात येतो का, हे स्पष्ट विचारा; विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मन मोकळे व्हायला वाट मिळते. अशा वेळी 'कुणालाही सांगणार नाही' असे वचन देऊ नका, त्याला एकटे सोडू नका आणि समुपदेशकाकडे नुसती चिठ्ठी न देता स्वतः सोबत जा. 'टेली-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो, तिथे मराठीतून बोलता येते. तो त्याच्या मोबाइलमध्ये तिथल्या तिथे जतन करून द्या. पालकांना कळवताना शक्यतो त्याला विश्वासात घ्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, म्हणून स्टाफरूममध्ये त्याच्या नावाची चर्चा नको. आठवड्याभराने पुन्हा विचारपूस करा, निकालाच्या दिवशी तर नक्कीच.