सर्व्हिस सेंटरने ‘आवश्यक’ म्हणून सांगितलेली सगळी कामे करून घ्यावीत का?

आपली पेट्रोल गाडी 20,000 किलोमीटर चालली आहे आणि सर्व्हिस सल्लागाराने इंजिन फ्लश (रसायन घालून इंजिन आतून धुणे), इंजेक्टरची (इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या भागाची) सफाई व पुढचे ब्रेक पॅड (ब्रेक दाबल्यावर चाकाच्या चकतीला घासणारे भाग) बदलणे अशी तीन कामे सुचवली आहेत. ती करावीत का, असे आपण विचारले आहे. गाडीला काही त्रास नसेल तर पहिली दोन करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ब्रेक पॅडबाबत मात्र मोजमाप पाहिल्याशिवाय होही म्हणू नये आणि नाहीही म्हणू नये.

मी इंदूरला राहतो. गेल्या वर्षी येथील एका अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये मलाही पॅड संपत आल्याचे आणि घाटात धोका असल्याचे सांगण्यात आले. ओंकारेश्वरला जाताना आम्हाला भेरूघाट उतरावा लागतो, त्यामुळे सौ. तर ताबडतोब बदलून घ्या म्हणू लागली. मी चाक काढून दाखवण्याची विनंती केली. बरीच चालढकल झाल्यावर मिस्त्रीने चाक उतरवून व्हर्नियर (जाडी मोजायचे साधन) लावला, तेव्हा पॅडचा थर 7 मिलिमीटर भरला. नव्या पॅडचा थर साधारणपणे 10 मिलिमीटरच्या आसपास असतो आणि तो 3 मिलिमीटरवर आला की पॅड बदलतात, म्हणजे निम्म्याहून अधिक आयुष्य शिल्लक होते. “अभी बहुत चलेंगे, साहब,” असे तो मिस्त्रीच हळू आवाजात म्हणाला. ब्रेकसारख्या जिवाशी निगडित गोष्टीची भीती घालून माणसाकडून पैसे काढावेत, याचा मला आजही संताप येतो.

इंजिन ऑइलमध्ये मळ धरून ठेवणारी द्रव्ये मुळातच मिसळलेली असतात, त्यामुळे ऑइल वेळेवर बदललेल्या इंजिनाला वेगळ्या फ्लशची गरज सहसा पडत नाही. इंजेक्टरच्या सफाईचा विचार गाडी उभी असताना इंजिन थरथरू लागले, उचल कमी झाली किंवा मायलेज घटले, तरच करावा. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत किती किलोमीटरवर किंवा किती महिन्यांनी काय बदलायचे याचा तक्ता असतो. ‘हे काम त्यात कुठे आहे?’ एवढेच शांतपणे विचारावे.

मात्र सरसकट सगळ्याच कामांना नकार देऊ नये. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषते आणि पाणी मुरलेले ऑइल घाटात सतत ब्रेक दाबल्याने तापून उकळू शकते. म्हणून गाडी कमी चालली असली तरी ते मुदतीप्रमाणे, बहुतेक गाड्यांत दोन वर्षांनी, बदलावेच. एसीचा केबिन फिल्टर पुष्कळ गाड्यांत डॅशबोर्डच्या कप्प्यामागे असतो. तो काढून स्वतः पाहता येतो.

जॉब कार्डावर, म्हणजे करायच्या कामांची नोंद असलेल्या कागदावर, सही करण्यापूर्वी नको असलेली कामे खोडून घ्यावीत आणि बदललेले जुने भाग परत मागावेत. ऐच्छिक कामे नाकारल्याने वॉरंटी जाईल, या धमकीला घाबरू नये. वॉरंटीसाठी तक्त्यातील सर्व्हिस वेळेवर झालेली असणे आणि तिची बिले जपलेली असणे महत्त्वाचे असते. संमतीशिवाय केलेले काम बिलात लावले आणि व्यवस्थापकाने दाद दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. त्या वेळी खोडाखोड केलेल्या जॉब कार्डाची आपली प्रत हाताशी असावी.